बंदूक हातात येण्याआधीचा धडा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी,
पुणे जिल्हा, पुणे.

विषय : बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नव्या नेमबाजांसाठी शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षणाची सोय होण्याबाबत.



जिल्हादंडाधिकारी म्हणून ग्रामीण भागातल्या शस्त्रपरवान्यावर आपली सही होते आणि जिल्हा क्रीडा परिषदेचं अध्यक्षपदही आपल्याकडेच असतं. परवान्याची फाइल एका शाखेतून फिरते, शालेय नेमबाजी स्पर्धेची दुसऱ्या कार्यालयातून. दोन्ही फायलींतला माणूस मात्र एकच असतो : आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात धरणारा. ती इंदापूरची नववीतली मुलगी असेल, किंवा नीरेकाठच्या वस्तीवर राहणारा, वडिलांची बाराबोअर आपल्या नावावर करून घेणारा पन्नाशीचा बागायतदार असेल. दोघांनाही पहिला धडा एकच लागतो. तो आमच्या तालुक्यांत नेमका कुठे आणि कुणाकडे मिळेल, हे खात्रीनं सांगणारी शासकीय खिडकी नाही. त्या एका धड्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडची मुलं कुस्ती, कबड्डी, खो-खो यांत रमणारी. पण 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं आणि मैदानावरच्या गप्पांत रायफल आली. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं जावी लागली. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला. त्याच्या गावाचं वर्णन टीव्हीवर ऐकताना आमच्या मुलांना आपलंच गाव दिसत होतं.

तेव्हापासून मुलं विचारतात, "सर, हे कुठं शिकायचं?" आणि शेजारी उभी असलेली आई दुसरा प्रश्न विचारते, "कुणाला लागायचं-बिगायचं नाही ना?" क्रीडाशिक्षक म्हणून मला हा दुसरा प्रश्न आधीचा वाटतो. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचं उत्तर देण्याचा मला अधिकार नाही.

महाराष्ट्राला नेमबाजी नवी नाही. राष्ट्रीय रायफल संघटना 1951 साली ज्यांच्या पुढाकारानं उभी राहिली ते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर मराठी होते आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरचा टप्पा आहे. अंजली भागवत मुंबईत कॉलेजात असताना एनसीसीतून रायफलीपर्यंत पोहोचल्या आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या राहिल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत 10 मीटर एअर रायफलचा विश्वविजेता ठरला. या सगळ्यांच्या मागे एक गोष्ट समान दिसते. सुरुवातीच्या काळात हाताशी रेंज होती आणि रेंजवर शिस्त शिकवणारा माणूस होता. कोल्हापूरला दुधाळीची रेंज होती, जयसिंग कुसाळे यांच्यासारखे प्रशिक्षक होते. पदकं फार नंतर आली.

पुणे जिल्ह्यात बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं हे संकुल आणि तिथली नेमबाजीची रेंज देशातल्या चांगल्या सोयींपैकी आहे. स्वप्नीलनंही तिथे सराव केला. पण बारामतीहून पुणे सुमारे 100 किलोमीटर, इंदापूरहून सुमारे 140, आणि बालेवाडी पुण्याच्याही पलीकडच्या टोकाला. शाळा सुटल्यावर बावड्याची किंवा काटीची मुलगी तिथे जाऊन रात्री घरी परतू शकत नाही. मग पालक जवळ काय आहे ते शोधतात. एखादा हॉल, चार लेन, भिंतीवर खेळाडूंची छायाचित्रं, महिन्याची फी. अशा वर्गांपैकी काही अतिशय निष्ठेनं चालतात, हे मी आदरानं सांगतो. पण चांगला वर्ग आणि धोक्याचा वर्ग यांतला फरक ओळखायचा कसा, हे पालकाला कुणी सांगितलेलं नसतं. तो फी विचारतो, रायफलीची कंपनी विचारतो आणि परत येतो. सुरक्षिततेबद्दल काय विचारायचं हेच त्याला ठाऊक नसतं.

म्हणून तो धडा प्रत्यक्षात काय असतो ते थोडं सविस्तर मांडतो. या पत्राची एक प्रत शाळेच्या फलकावर लागणार आहे, तेव्हा पालकांनाही ते वाचता यावं.

पहिला नियम : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. आत्ताच रिकामी केली, मित्रानं रिकामी आहे म्हणून सांगितलं, दुकानातून नवी आणली, यांतलं काहीही असो. बंदूक हातात आली की नळी सुरक्षित दिशेला ठेवून चेंबर उघडायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. दुसरा : नळी कधीही माणसाकडे वळू द्यायची नाही, बोलताना नाही, वळताना नाही, फोटो काढताना तर नाहीच. तिसरा : लक्ष्यावर नेम बसेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, बंदुकीच्या अंगाला सरळ ठेवायचं. चौथा : लक्ष्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय गोळी सोडायची नाही. या चारही नियमांत एक शहाणपण आहे. एखाद्या क्षणी एक नियम मोडला गेला तरी उरलेले तीन जीव वाचवतात. म्हणून ते पाठ होऊन पुरत नाहीत, हाताला लागावे लागतात, आणि ते कुणीतरी शेजारी उभं राहून, चुकल्यावर तिथल्या तिथे थांबवल्याशिवाय लागत नाहीत.

पिस्तुलाचंच पाहा. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असा समज सर्रास आढळतो. पण एक काडतूस आधीच चेंबरमध्ये चढलेलं असू शकतं, आणि मॅगझिन बाजूला ठेवूनही ते उडतं. साफसफाई करताना घडणाऱ्या अपघातांचं हे एक मोठं कारण आहे. चाप ओढूनही गोळी उडाली नाही तर अननुभवी माणूस काय करतो? बंदूक तोंडाजवळ आणून पाहतो. शिकलेला माणूस नळी लक्ष्याकडेच ठेवतो, किमान अर्धा मिनिट थांबतो आणि मगच चेंबर उघडतो, कारण काडतुसातली दारू उशिरानं पेट घेऊ शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी भरायचीच नाही, कारण आधीची नळीतच अडकलेली असू शकते. या गोष्टी वाचून कळतात, पण हात घाबरलेला असताना त्या आठवाव्या लागतात. त्यासाठी सराव हवा.

रेंजवरची शिस्त हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे. रेंज अधिकाऱ्यानं 'लोड' म्हटल्याशिवाय भरायचं नाही, 'स्टार्ट' म्हटल्याशिवाय उडवायचं नाही, 'स्टॉप' म्हटलं की अर्धा ओढलेला चापही सोडून द्यायचा, 'अनलोड' म्हटलं की रिकामी करून दाखवायची. रायफल खाली ठेवताना बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग. लक्ष्याकडे कुणी गेलं असेल तर मागे कुणीही बंदुकीला हात लावायचा नाही. .22 च्या रायफलीजवळ कानांवर संरक्षण असलंच पाहिजे, कारण एका आवाजानंही कानाची कायमची हानी होऊ शकते. छर्रे शिशाचे असतात म्हणून सराव संपला की हात धुवायचे आणि रेंजवर खायचं नाही. नव्या एअर रायफलींच्या सिलिंडरमध्ये सुमारे 200 बार दाबाची हवा असते. त्या सिलिंडरवर मुदत छापलेली असते आणि मुदत उलटलेला सिलिंडर वापरायचा नसतो. ही शेवटची गोष्ट किती पालकांना माहीत असेल?

10 मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. त्या ठिपक्यावर नेम धरायला श्वास, खांदा, पायाची ठेवण, मनाची शांतता हे सगळं घडवावं लागतं. ज्या वर्गात मूल पहिल्या दिवशी फटाफट छर्रे उडवतं तिथे ते खेळही शिकत नाही आणि सुरक्षितताही. चांगल्या प्रशिक्षकाकडे सुरुवातीचे दिवस एकही छर्रा न उडवता जातात : उचलणं, उघडणं, तपासणं, ठेवणं. पालकांनी मुलाला कुठेही घालण्याआधी एक तास नुसतं बसून पाहावं. रेंज अधिकारी कोण ते कळतंय का? नेमाच्या रेषेपुढे येणारा दरवाजा आहे का? छर्रा अडवणारी मागची सोय पक्की आहे का? एखाद्या मुलानं नळी बाजूला वळवली तर सर थांबवतात का, की हसून सोडून देतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाकीचं आपोआप कळतं.

आता आमच्या तालुक्यांविषयी. बंदुकीचा विषय शहरापेक्षा आमच्याकडे जास्त घरांना चिकटलेला आहे. ऊस पट्ट्यात माणसं गावठाणापेक्षा वस्तीवर अधिक राहतात, घर आणि घर यांत चार-चार एकरांचं अंतर. बिबट्याची भीती आहे, रानडुकरांचा उपद्रव आहे, चोऱ्यांची धास्ती आहे. त्यातून जुने परवाने आहेत. कुणाकडे बाराबोअर, कुणाकडे पीकसंरक्षणासाठी दिलेली ठासणीची बंदूक. साखर कारखाने, बँका, पतसंस्था यांच्या दारात बंदूकधारी राखणदार उभे असतात. त्यांच्यापैकी जे सैन्यातून आले आहेत त्यांची बंदूक पाहिली की लगेच कळतं, नळी कधी माणसाकडे नसते. बाकीच्यांना कुणी शिकवलं, हा प्रश्न उरतोच. यात्रांमध्ये फुगे फोडायच्या बंदुकीचा गाळा असतो. आमच्या बहुतेक मुलांची बंदुकीशी पहिली ओळख तिथे होते. गाळेवाला बंदूक भरून हातात देतो, मूल ती घेऊन मागे उभ्या असलेल्या बापाकडे वळतं, आणि नळीही त्याच्याबरोबर वळते. कुणी काही म्हणत नाही. पुढे आयुष्यभर बंदूक अशीच धरायची असते, असं त्या मुलाच्या हाताला वाटत राहतं.

छर्ऱ्याच्या बंदुकीबद्दल तर गैरसमजच गैरसमज आहेत. 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नसलेली आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअरगन घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. परवाना नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ घरोघरी काढला जातो. स्पर्धेच्या एअर रायफलीतला छर्रा सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगानं सुटतो, आणि डोळ्याला लागला तर डोळा जातो. शिवाय आमच्याकडे उजनीचं पाणी आहे, भिगवण-कुंभारगावला थव्यांनी उतरणारे रोहित आहेत, कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहे, बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. चिंकारा हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे आणि अभयारण्यात विनापरवानगी शस्त्र घेऊन जाणं हाच गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात 2021 साली लोकांनी स्वतःहून एअरगन शासनाकडे जमा कराव्यात अशी मोहीम सुरू झाली, कारण जंगलातली पाखरं गप्प होऊ लागली होती. आपल्याकडे त्या टोकाला जायची गरज पडू नये. मुलाला एअरगन घेऊन देण्याआधी कागदी लक्ष्य, मागे भक्कम भिंत आणि शेजारी जाणता माणूस या तीन गोष्टी लागतात, इतकं जरी घरात कळलं तरी चिमण्या, होले आणि शेजाऱ्याच्या मुलाचे डोळे वाचतील.

पाण्याचा उल्लेख आणखी एका कारणानं करतो. गोळी पाण्याच्या किंवा कडक मुरमाच्या पृष्ठभागावर तिरकी पडली तर ती आत जात नाही, उसळून पुढे जाते. .22 ची छोटी वाटणारी गोळीदेखील दीड किलोमीटरपेक्षा दूर जाऊ शकते. कालव्याच्या बाजूला, बंधाऱ्यावर, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर 'इकडे कुणी नसतं' म्हणून नेम धरणाऱ्याला पलीकडच्या उसात पाणी देणारा माणूस दिसत नाही. आमच्या भूगोलाचा हा धडा आमच्याच भाषेत, आमच्याच ठिकाणी शिकवला गेला पाहिजे.

कायदा या बाबतीत मागे नाही. शस्त्र नियम, 2016 नुसार परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यानं शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं आहे : सुरक्षित हाताळणी, ने-आण, गोळीबाराची पद्धत, निगा, साठवण आणि कायद्याची माहिती. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवायची मर्यादा घातली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, आणि लग्न-मिरवणुकीत हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. परवान्याला 21 वर्षांची अट आहे, पण त्याखालच्या मुलांना प्रशिक्षणासाठी, ठरवून दिलेल्या अटींवर बंदूक वापरता येते. म्हणजे शासनानं दार उघडं ठेवलं आहे. आमच्या तालुक्यांतून त्या दारापर्यंत जाणारा रस्ता मात्र नीट बांधलेला नाही. प्रशिक्षणाची अट अशी आहे की ती मनापासून पाळली तर जीव वाचवते, आणि जवळ सोय नसली तर नुसती कागदाची अट होऊन बसते. माणूस प्रमाणपत्र मिळवण्याच्या मागे लागतो, शिकायचं राहून जातं.

जगात इतरत्र ही अट फार गांभीर्यानं घेतली जाते. जर्मनीत परवान्याआधी शस्त्रज्ञानाची परीक्षा द्यावी लागते, आणि नेमबाज म्हणून बंदूक घ्यायची तर आधी किमान 12 महिने क्लबमध्ये नियमित सराव करावा लागतो. जपानमध्ये वर्ग, लेखी परीक्षा आणि रेंजवरची प्रत्यक्ष परीक्षा असे टप्पे आहेत. दोन्हीकडचा विचार सारखा आहे : आधी हात तयार होतो, मग त्यात शस्त्र येतं. आपल्याकडे मोटार चालवायचा परवानासुद्धा गाडी चालवून दाखवल्यावर मिळतो.

काही जण म्हणतील, गावाकडे आधीच गावठी कट्ट्यांच्या बातम्या कमी नाहीत, वाढदिवसाच्या केकशेजारी पिस्तूल ठेवून काढलेले रील कमी नाहीत, त्यात मुलांना रायफली कशाला? ही काळजी खरी आहे आणि ती करणाऱ्या आयाबापांचा मी आदर करतो. पण बंदुकीचं जे आकर्षण रीलमधून येतं ते अज्ञानावर पोसलेलं असतं. तिथे बंदूक म्हणजे रुबाब, नळी कॅमेऱ्याकडे आणि बोट चापावर. रेंजवर पहिल्याच दिवशी कळतं की नळी माणसाकडे वळवणाऱ्याला बाहेर काढतात, मग तो कितीही मोठ्या घरचा असो. तासभर उभं राहून अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याशी झगडलेल्या मुलाला कमरेला पिस्तूल खोचून फिरणारा माणूस मोठा वाटत नाही. बेकायदा शस्त्रांचा बंदोबस्त पोलिसांनी करायचा आहे, तो त्यांनी करावाच. मुलांच्या मनातला बंदुकीचा अर्थ बदलणं हे आम्हा शिक्षकांचं काम आहे. त्यासाठी जागा आणि जाणती माणसं लागतात, एवढंच आपल्याकडे मागतो आहोत.

माझ्या विनंत्या अशा आहेत.

एक. मान्यताप्राप्त शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षक आणि नेमबाजी क्लब यांची तपासलेली यादी बारामती आणि इंदापूरच्या तहसील कार्यालयांत, पोलीस ठाण्यांत आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मराठीत लावावी आणि दरवर्षी ती नव्यानं तपासावी. नव्या माणसाचा शोध तिथेच सुरू होऊन तिथेच संपावा.

दोन. बारामती तालुक्यात बऱ्हाणपूरला पुणे ग्रामीण पोलिसांचं उपमुख्यालय मार्च 2024 मध्ये सुरू झालं. शेजारच्या दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक 5 आणि 7 आहेत. बंदूक शिकवण्याची शिस्त ज्यांच्या अंगात आहे असे प्रशिक्षक या दोन ठिकाणी आहेत. पोलीस अधीक्षक आणि दलाचे समादेशक यांच्याशी बोलून ठरावीक रविवारी परवानाधारक, परवान्याचे अर्जदार आणि राखणदार यांच्यासाठी सुरक्षेचा वर्ग ठेवता येईल. प्रमाणपत्र देताना माणसाला समोर बंदूक उघडून, तपासून, भरून, रिकामी करून दाखवायला लावावी.

तीन. बारामती आणि इंदापूरच्या क्रीडा संकुलांत 10 मीटर एअर रायफलची प्रत्येकी एक छोटी रेंज व्हावी. त्याला फार मोठी जागा लागत नाही. पंधरा-सोळा मीटर लांबीचा बंदिस्त हॉल, मागे छर्रा अडवणारी भक्कम सोय, लक्ष्यावर किमान 1500 लक्स प्रकाश आणि नेमाच्या रेषेपुढे एकही दार-खिडकी नाही, एवढं पुरतं. स्पर्धेची एक एअर रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते, ती शेतकऱ्याच्या मुलाला परवडत नाही. संकुलाच्या मालकीच्या चार रायफली असल्या तर एका वर्षात कितीतरी मुलं त्यांवर शिकतील.

चार. रेंज अधिकारी म्हणून माजी सैनिकांना मानधनावर घ्यावं. आमच्या तालुक्यांत गावोगावी निवृत्त सुभेदार-हवालदार आहेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे त्यांच्या नोंदी आहेत. त्यांना मुलांना शिकवण्याचं छोटं प्रशिक्षण महाराष्ट्र रायफल संघटनेच्या मदतीनं देता येईल. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या कॉलेजांतले एनसीसीचे छात्र त्यांच्या हाताखाली तयार होतील. मुली शिकायला येतील तिथे एक महिला प्रशिक्षक असावीच.

पाच. निवडणुकीच्या आचारसंहितेत अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात आणि नंतर ती परत न्यावी लागतात. एरवी कधी एकत्र न येणारे हे लोक त्या दिवसांत ठाण्याच्या दारात येतात. शस्त्र परत देताना अर्ध्या तासाची सुरक्षेची उजळणी घ्यावी : बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी. पाच वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करतानाही हीच उजळणी सक्तीची असावी.

सहा. एअरगन विकणाऱ्या प्रत्येक दुकानातून ग्राहकाला सुरक्षेचं एक पानी मराठी पत्रक मिळावं, आणि यात्रेतल्या फुग्यांच्या गाळ्याला परवानगी देताना ग्रामपंचायतीनं साधी अट घालावी की बंदूक साखळीनं गाळ्याच्या फळीला बांधलेली असेल आणि नळी मागे वळणार नाही. खर्च काहीच नाही, पण हजारो मुलांचा पहिला धडा बरोबर होईल.

यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. परवाना शाखा, पोलीस अधीक्षक, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि सैनिक कल्याण अधिकारी यांना एका टेबलाभोवती बसवायचं आहे, आणि त्या सगळ्यांना एकाच वेळी बोलावू शकेल असं पद जिल्ह्यात आपलंच आहे. बैठक झाल्यावर पहिलं काम यादीचं व्हावं, कारण ते सर्वांत सोपं आहे आणि उद्यापासून उपयोगी पडणारं आहे. रेंजचं काम पुढच्या शैक्षणिक वर्षापर्यंत मार्गी लागलं तर शालेय स्पर्धांना आमची मुलं तयारीनं उतरतील.

शाळेकडून जे होण्यासारखं आहे ते आम्ही करू. पालकांच्या सभा आम्ही घेऊ, मुलांच्या डोळ्यांची आणि कानांची तपासणी करून घेऊ, सुरक्षेचे चार नियम वर्गावर्गांत शिकवू, आणि जो मुलगा किंवा जी मुलगी ते पाळणार नाही, त्याचा किंवा तिचा नेम कितीही चांगला असला तरी रेंजवर पाठवणार नाही. बारामती-इंदापूरमधून उद्या कुणी ऑलिंपिकला जाईल की नाही हे त्या मुलांच्या कष्टावर ठरेल. पण बंदूक हातात घेतलेला आमच्या तालुक्यातला प्रत्येक माणूस, खेळाडू असो, शेतकरी असो की राखणदार, तिच्यामुळे कुणालाही इजा न होता संध्याकाळी घरी यावा, हे आत्ता, आपल्या आणि आमच्या हातात आहे. बैठकीची तारीख कळवावी. आम्ही शिक्षक आणि पालक हजर राहू.

आपला विश्वासू,
इंदापूर तालुक्यातील एक क्रीडाशिक्षक

प्रत माहितीसाठी :
मा. पोलीस अधीक्षक, पुणे ग्रामीण
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, पुणे
मा. तहसीलदार, बारामती आणि इंदापूर